जेन्किनचा आक्षेप चालवून पाहिला: नैसर्गिक निवडीच्या सिम्युलेटरच्या नोंदी

काम असे आहे: नैसर्गिक निवडीवरचे गाजलेले आक्षेप एकेक करून संगणकावर चालवायचे. आक्षेप घेणाऱ्याने जे धरून चालले तेच आपणही धरायचे आणि मगच कोड लिहायचा. आक्षेपात दम असेल तर तोच जिंकला पाहिजे, अशी सोय सुरुवातीपासून ठेवायची. कुणाला असेच काही करायचे असेल तर पुढच्या नोंदींमुळे त्यांचा थोडा वेळ वाचेल. पैशांचा खर्च काही नाही, जुना लॅपटॉप आणि पायथन पुरले. वेळ मात्र ठरवला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त गेला, आणि त्यातला बराचसा आधी तपासणी न केल्यामुळे गेला.

५ जानेवारी

पहिली आवृत्ती. हजार जीव. प्रत्येकाकडे १०० जागा, प्रत्येक जागी दोन अलील (अलील म्हणजे जनुकाचा एक पर्यायी प्रकार), एक आईकडून आणि एक बापाकडून. अलील शून्य किंवा एक. सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या जीवाचा 'आकार'. सुरुवातीला सगळे नाणेफेकीने भरले की सरासरी १०० येते आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा फैलाव, साधारण ७. हजार जणांत सर्वात मोठा १२२-१२३ च्या आसपास सापडतो. हे आकडे पुढे सतत लागणार आहेत.

आकार वाढवायचा की घटवायचा, निवड किती कडक, वारसा कसा मिळतो, हे सगळे वरून बदलता येईल असे ठेवले. वारशाचा नियम वेगळ्या फंक्शनमध्ये टाकला, आणि आज घेतलेल्या निर्णयांत तोच पुढे सर्वात कामाचा ठरला.

८ जानेवारी

निवड बंद ठेवून चालवून पाहिले. १९०८ मध्ये हार्डी आणि वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवले होते की निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर वगैरे काही नसेल आणि समूह मोठा असेल तर अलीलांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते. म्हणजे इथे काहीच घडायला नको. काही घडले तर चूक कोडमध्ये आहे.

घडले. उत्परिवर्तन दहा हजारात एक इतके कमी ठेवून, एका जागी सगळीकडे शून्य भरून पाहिले, तर एकाच पिढीत दहाबारा जीवांत एकदम 'एक' दिसू लागले, आणि त्यांत त्या पिल्लाची आईसुद्धा होती. पिल्लात बदल झाला आणि आई बदलली! आईबापांनी आयुष्यात कमावलेले गुण पिल्लांत उतरतात असे मानणाऱ्या लामार्कलाही हे सुचले नसते.

कारण अगदी साधे. आईची यादी पिल्लाला देताना प्रत काढली नव्हती, तीच यादी दोघांच्या नावावर होती. पायथनमध्ये नुसते बरोबरचे चिन्ह टाकले की प्रत होत नाही, त्याच वस्तूला दुसरे नाव मिळते. जिथे जिथे वारसा जातो तिथे प्रत काढली, मग आकडे जागच्या जागी बसले. निवड बंद ठेवून घेतलेली ही चाचणी आता प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवतो.

१४ जानेवारी

आता जेन्किन. फ्लीमिंग जेन्किन हा टेलिग्राफच्या केबलवर काम करणारा अभियंता. १८६७ मध्ये त्याने डार्विनच्या सिद्धांताचे परीक्षण लिहिले. मुद्दा थोडक्यात असा: मूल आईबापांच्या मधोमध येते असे तुम्ही मानता. मग एखाद्या जीवात कितीही चांगला गुण उपजला, तरी तो बाकीच्यांत मिसळून दरपिढी निम्मा होत जाईल. निवडीला पकडायला काही उरणारच नाही. त्याने दिलेले उदाहरण आज वाचवत नाही इतके वर्णद्वेषी आहे, पण गणित वेगळे काढून पाहिले तर ते चोख आहे. डार्विननेही हा आक्षेप गंभीरपणे घेतला होता.

वारशाचे फंक्शन बदलले: पिल्लाचा आकार म्हणजे आईबापांच्या आकाराची सरासरी, बस. निवड बंद. प्रमाण विचलन ७ होते, दहाव्या पिढीत ०.२ च्या आसपास आले. वरचा निम्मा भाग निवडत गेलो तर सरासरी किती पुढे जाते हे उद्या बघायचे.

१७ जानेवारी

इथे अडकलो. निवड सुरू केली, वरचे पाचशे ठेवले, त्यांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीला चार पिल्ले. जेन्किनच्या हिशोबाने सरासरी थोडी वर जाऊन थांबायला हवी. ती थांबेना. चढत चढत सुरुवातीच्या सर्वात मोठ्या जीवाजवळ, १२२-१२३ ला जाऊन टेकली. निकाल आवडता होता, म्हणून मान्य करायचा मोह झाला. मिसळणारा वारसा असूनही निवड चालते, जेन्किन हरला, असे लिहून मोकळे होता आले असते.

पण निवड बंद असताना विविधता दरपिढी निम्मी होते आणि निवड सुरू केली की मिसळण्याचा परिणामच नाहीसा होतो, हे जुळत नव्हते. दोन दिवस वारशाचे फंक्शन तपासण्यात गेले. दोष तिथे नव्हताच. वरचे पाचशे काढण्यासाठी यादी क्रमाने लावली होती, आणि जोड्या लावताना शेजारशेजारचे दोघे घेतले होते. म्हणजे पहिला दुसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. जवळपास सारख्या आकाराच्या दोघांची सरासरी काढली तर मिसळण्यासारखे काही उरतच नाही. नकळत जातवार विवाह लावून दिले होते.

जोड्या लावण्याआधी यादी पिसली. आता सरासरी १०० वरून ११० च्या आसपास गेली आणि तिथे रुतली. पहिल्या पिढीत साडेपाच-सहाची उडी, मग दोन-अडीच, मग एक, मग काहीच नाही. विविधताच संपली. जेन्किनच्या गृहीतकांवर जेन्किन बरोबर आहे, हे माझ्या संगणकानेही मान्य केले.

एक गोष्ट आणखी करून पाहिली. प्रत्येक पिढीत नवी विविधता मुद्दाम ओतली तर? तर निवड चालू राहते. पण दरपिढी निम्म्याइतकी विविधता नव्याने यावी लागते, जे फारच झाले. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३० मध्ये हाच हिशोब मांडून दाखवले की मिसळणारा वारसा मानला की विविधतेचा उगम शोधण्यासाठी किती धावाधाव करावी लागते. परिस्थितीचा परिणाम, वापराने अवयव वाढणे, असल्या गोष्टींना डार्विनने जागा का ठेवली ते त्यातून कळते.

१९ जानेवारी

वारशाचे जुने फंक्शन परत लावले: अलील अखंड जातात, मिसळत नाहीत, फक्त पत्ते नव्याने वाटले जातात. बाकी सगळे तेच, वरचे निम्मे, पिसलेली यादी, चार पिल्ले. दहाव्या पिढीत सरासरी १४० ओलांडून गेली आणि अजून चढतच होती.

दोन्ही आलेख एकाच कागदावर छापून ठेवले. एका फंक्शनमधल्या तीन ओळींचा फरक आहे.

मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला. म्हणजे जेन्किनचे परीक्षण निघाले तेव्हा त्याचे उत्तर आधीच छापून तयार होते, फक्त १९०० पर्यंत त्याकडे कुणी फारसे पाहिले नाही.

२६ जानेवारी

माझे एक काका आयुष्यभर यंत्रशाळेत काम केलेले. उत्क्रांतीवर त्यांचा अजिबात विश्वास नाही, पण यंत्रावर आहे. त्यांना समोर बसवून आलेख दाखवले. त्यांनी पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "ही चाळणी आहे. चाळणी नवीन काही घडवत नाही. वर राहायचे ते वर राहते, पडायचे ते पडते."

मी म्हटले, "काका, तुम्हीच सांगा काय तपासू. तुमच्या म्हणण्याप्रमाणे काय दिसायला हवे?"

"जे आधी होते त्याच्या बाहेरचे काही यायला नको."

हा आक्षेप स्वच्छ आहे, तपासता येतो. पहिल्या पिढीतला सर्वात मोठा १२३. उत्परिवर्तन पूर्ण बंद केले, म्हणजे नवा अलील एकही यायचा नाही. पंधराव्या पिढीतला सर्वात लहान जीव शोधला. तो १४० च्या जवळ निघाला. पहिल्या पिढीत ज्याच्या आसपासही कुणी नव्हते अशा जागी पंधराव्या पिढीतले शेपूटसुद्धा पोचले होते. पस्तीस-चाळीस पिढ्यांत सरासरी २०० च्या अगदी जवळ गेली. सगळे २०० अलील 'एक' असलेला जीव एकदम नाणेफेकीने मिळायचा तर शक्यता एकावर साठ शून्ये यांत एक.

काकांना साठ शून्यांचे काही वाटले नाही. त्यांचे लक्ष दुसरीकडे होते, आणि ते योग्य जागी होते. "चाळणीनंतर तू दरवेळी पुन्हा मिसळतोस. मग ती नुसती चाळणी कुठे राहिली?" अगदी तेच. एकदाच चाळले तर १२३ च्या पुढे जात नाही, हेही करून पाहिले. चाळणे आणि पत्ते नव्याने वाटणे आळीपाळीने झाले तरच पुढे सरकते. बंद करून पाहण्यासाठी 'वाटप' असा वेगळा खटका घातला. मूल म्हणजे आईची हुबेहूब प्रत, असे ठेवले की सरासरी १२३ ला थांबते.

२ फेब्रुवारी

काकांचा फोन. "दोनशेला थांबते ना? म्हणजे मर्यादा आहे. मग माशापासून माणूस कसा?"

माझ्या प्रोग्रॅममध्ये मर्यादा आहे हे खरे, कारण मीच १०० जागा ठेवल्या. उत्परिवर्तन सुरू केले तरी शून्याचा एक आणि एकाचा शून्य, यापलीकडे काही होत नाही. छत कोडमधले आहे, निसर्गातले नव्हे. पण "निसर्गात छत नसते" असे नुसते म्हणून चालत नाही, तिथेही मोजलेले काहीतरी हवे. इलिनॉय विद्यापीठात १८९६ पासून मक्यावर निवड चालली आहे. दरवर्षी सर्वात जास्त तेलाची कणसे बियाण्यासाठी ठेवायची, आणि दुसऱ्या ओळीत सर्वात कमी तेलाची. शंभराहून अधिक पिढ्या झाल्या. जास्तीच्या ओळीत तेल सुमारे ५ टक्क्यांवरून २० च्या पुढे गेले, मूळ शेतातल्या कुठल्याही कणसात नव्हते इतके. कमीची ओळ मात्र शून्याजवळ अडकली, कारण शून्याखाली तेल नसते. काही दिशांना भिंत असते, काहींना ती लवकर लागत नाही.

माशापासून माणूस हा प्रश्न या प्रोग्रॅमच्या आवाक्यात नाही, हेही काकांना तेव्हाच सांगितले.

वेग असह्य झाला होता. याद्या काढून सगळे नमपायच्या (पायथनमधल्या वेगवान आकडेमोडीच्या साधनाच्या) सारण्यांत टाकले. जे तासभर चालायचे ते चहा उकळायच्या आत होऊ लागले. हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते.

९ फेब्रुवारी

एकच नवा उपयुक्त अलील एका जीवात टाकायचा आणि तो पसरतो का पाहायचे. फायदा ५ टक्के, म्हणजे ज्याच्याकडे एक प्रत आहे त्याला बाकीच्यांच्या तुलनेत ५ टक्के जास्त पिल्ले. पसरलाच पाहिजे, असे वाटत होते.

नाही पसरला. पुन्हा चालवले, पुन्हा दोन-तीन पिढ्यांत गायब. कितीतरी वेळा तेच. कोड पुन्हा उलटापालटा करून पाहिला, सापडले काही नाही. शेवटी एका वेळी दहा हजार स्वतंत्र धावा लावल्या, तर शंभरात नऊ-दहा वेळा अलील टिकला आणि पसरला. म्हणजे कोड बरोबर होता, अपेक्षा चुकीची होती. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनने १९२७ मध्ये काढलेले उत्तर हेच: नव्या अलीलाचा फायदा थोडा असेल तर तो टिकायची शक्यता साधारण त्या फायद्याच्या दुप्पट. पाच टक्के फायदा, तर दहा टक्के शक्यता. बाकी नव्वद वेळा चांगला गुण निव्वळ दुर्दैवाने मरतो. ज्याच्याकडे तो आहे त्याला पिल्लेच झाली नाहीत, किंवा झाली आणि नेमका तो अलील त्यांच्याकडे गेला नाही.

याउलट काहीच फायदा नसलेला अलीलही कधीकधी सगळीकडे पसरतो. ५० जीवांच्या समूहात नवा तटस्थ अलील शंभरात एकदा पूर्ण समूहभर होतो. निव्वळ योगायोगाच्या या वरखाली होण्याला ड्रिफ्ट म्हणतात. "प्रत्येक गुण काहीतरी उपयोगाचाच असणार" असे निवडीचे काही उत्साही समर्थक बोलतात, त्यांनी हा आलेख बघावा. उत्क्रांतीच्या वादात चुकीचे बोलणारे फक्त एकाच बाजूला नसतात.

करू पाहणाऱ्यांना: एकाच धावेवरून काहीही ठरवू नका. या प्रकारात एक धाव म्हणजे एक किस्सा.

१५ फेब्रुवारी

खऱ्या आकड्यांशी जुळवणी. पेपर्ड मॉथ, म्हणजे बिस्टन बेट्युलेरिया. इंग्लंडमधले फिकट ठिपक्यांचे पतंग. १८४८ मध्ये मँचेस्टरजवळ काळ्या पतंगाची नोंद झाली. १८९५ पर्यंत तिथले ९८ टक्के पतंग काळे होते. कारखान्यांच्या काजळीने झाडे काळवंडली होती, त्यावर काळे पतंग पक्ष्यांना कमी दिसत. वर्षाला एक पिढी. काळा रंग प्रभावी, म्हणजे काळ्याची एक प्रत असली तरी पतंग काळा.

काळे १ टक्का ते ९९ टक्के असे धरून किती पिढ्या लागतात ते काढले. फिकट पतंगांचे टिकणे काळ्यांच्या तुलनेत ७० टक्के धरले. उत्तर आले साडेतीनशेच्या आसपास पिढ्या. इतिहासात पन्नासही नव्हत्या.

काका समोरच होते. "बघ, वेळच पुरत नाही. मी म्हणत नव्हतो?"

क्षणभर मलाही तसेच वाटले. पण गफलत कोडमध्ये नव्हती, प्रश्नात होती. '९९ टक्के काळे' याचा अर्थ मी '९९ टक्के अलील काळे' असा घेतला होता. काळा प्रभावी असल्यामुळे ९९ टक्के पतंग काळे दिसायला काळे अलील ९० टक्के पुरतात. उरलेले १० टक्के फिकट अलील मिश्र पतंगांत काळ्या रंगाखाली लपलेले असतात. दोन फिकट एकत्र येण्याची शक्यता ०.१ गुणिले ०.१, म्हणजे शंभरात एक. ९९ टक्के अलील काळे झाले तर फिकट पतंग दहा हजारात एक दिसेल, ते पार वेगळे काम. सुरुवातीलाही हीच गफलत होती, पण तिने फक्त दोन पिढ्यांचा फरक पडत होता. शेवटची मात्र तीनशे पिढ्यांना पडली.

दुरुस्त केल्यावर उत्तर ५१ पिढ्या. हाल्डेनने १९२४ मध्ये कागदावर हाच हिशोब करून काळ्यांचा फायदा साधारण दीडपट असला पाहिजे असे म्हटले होते. माझा आकडा त्याच्या जवळच आहे.

या ५१ पिढ्या कुठे खर्च होतात ते पाहण्यासारखे आहे. १ टक्क्यावरून ७५ टक्क्यांवर यायला अठरा-एकोणीस पिढ्या. ७५ वरून ९९ वर जायला तेहेतीसएक. फायदा तोच, पण फिकट अलील जितके दुर्मीळ होतात तितके ते मिश्र पतंगांत दडून बसतात आणि निवडीला दिसेनासे होतात. 'वेळ पुरत नाही' या आक्षेपाला शेपटाच्या या भागात थोडा आधार मिळतो, सुरुवातीच्या भागात अजिबात नाही.

१६ फेब्रुवारी

काकांनी नातवाकडून काही वाचून घेतले होते. "ते पतंगांचे प्रकरण खोटे निघाले म्हणे. झाडाला चिकटवून फोटो काढले."

पक्षी कोणते पतंग जास्त टिपतात हे पाहणाऱ्या केटलवेलच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांवर टीका झाली हे खरे, आणि टीकेत तथ्य होते. पतंग दिवसा सोडले, खोडांवर बसवले, दाटीही नैसर्गिक नव्हती. पण गोष्ट तिथे संपली नाही. मायकेल मेजरस यांनी २००१ ते २००७ या काळात केंब्रिजमध्ये हा प्रयोग त्रुटी टाळून पुन्हा केला, ४८६४ पतंग सोडून. तोपर्यंत हवा स्वच्छ झाल्यामुळे आता काळ्यांची संख्या घटत होती, आणि पक्षी काळ्यांनाच जास्त टिपत होते. मेजरस २००९ मध्ये वारले, निष्कर्ष सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये छापले. २०१६ मध्ये काळ्या रंगामागचा बदलही सापडला: कॉर्टेक्स नावाच्या जनुकात घुसलेला डीएनएचा उडता तुकडा, अंदाजे १८१९ च्या सुमाराचा.

आक्षेप आला, प्रयोग सुधारला, उत्तर टिकले. काका म्हणाले, "हे त्यांनी आधीच नीट करायचे होते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

उलटा प्रवासही चालवून पाहिला: काळ्यांना तोटा, ९९ पासून खाली. सुरुवात इतकी संथ की प्रोग्रॅम अडकला असे वाटले. फिकट इतके थोडे असतात की त्यांचा फायदा मोजण्यात येत नाही. एकदा वेग घेतला की मात्र थांबत नाही, कारण काळ्याला लपायला जागाच नाही.

३ मार्च

आतापर्यंतच्या धावांत एक खोट आहे, आणि ती काकांनी नाही, दुसऱ्या एका मैत्रिणीने दाखवली. 'मोठा तो चांगला' हे मी आधीच ठरवून दिले आहे. ध्येय लिहून ठेवायचे आणि मग प्रोग्रॅम ध्येयाला पोचला म्हणून टाळ्या वाजवायच्या, याला नैसर्गिक निवड कसे म्हणायचे?

बरोबर आहे. म्हणून ध्येय काढले आणि परिस्थिती घातली. दोन प्रकारचे बी, कठीण आणि मऊ. आकार म्हणजे आता चोच. कोरड्या वर्षी कठीण बी उरते, ओल्या वर्षी मऊ बी भरपूर. कोणी किती खाल्ले त्यावरून पिल्ले. हवामान नाणेफेकीने.

जीवशास्त्रज्ञ ग्रँट दांपत्याने गालापागोसच्या डॅफ्नी मेजर बेटावर १९७३ पासून हेच प्रत्यक्ष मोजले. १९७७ च्या दुष्काळात मध्यम ग्राउंड फिंच पक्षी मोठ्या संख्येने मेले, वाचलेल्यांच्या चोची सरासरीने मोठ्या होत्या, आणि पुढच्या पिढीच्याही. १९८२-८३ च्या एल निनोने पाऊस ओतला, बारीक बी माजले, आणि निवड उलट्या दिशेला वळली.

माझ्या धावेतही तसेच झाले: सरासरी वर जाते, खाली येते, पुन्हा वर. आणि यात फसायला जागा आहे. पहिली आणि शंभरावी पिढी एवढेच पाहिले तर फरक जवळपास शून्य, काही घडलेच नाही असे वाटेल. मधल्या प्रत्येक पिढीत निवड जोरात चालू होती. आता दर पिढीची नोंद सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) जाते. आधी फक्त शेवटची जात होती, त्यामुळे आठवडाभराच्या धावा टाकून द्याव्या लागल्या.

हवामान खूप वेगाने बदलले तर समूह पूर्ण मरतो. ते मी घडवून आणले नाही, आपोआप झाले. प्रोग्रॅमने शून्य जीवांची सरासरी काढायला जाऊन मान टाकली.

१० मार्च

गोठवलेले नमुने. ही कल्पना जीवशास्त्रज्ञ लेन्स्कीच्या ई. कोलाय या जीवाणूवरच्या प्रयोगावरून घेतली. त्याने २४ फेब्रुवारी १९८८ ला बारा समूह सुरू केले, दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवायचा. बारांपैकी एकात सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर जीवाणूंना ऑक्सिजन असतानाही सायट्रेट हा पदार्थ खाता येऊ लागला, आणि २००८ मध्ये ते जाहीर झाले. गोठवलेल्यांतून मागे जाऊन पुन्हा चालवल्यावर दिसले की पुढच्या पिढ्यांतल्या नमुन्यांतून हा गुण पुन्हा उपजतो, सुरुवातीच्यांतून नाही. म्हणजे आधी काही पाया तयार व्हावा लागला होता.

प्रोग्रॅममध्ये हे सोपे. दर काही पिढ्यांनी पूर्ण समूह फाइलमध्ये टाकायचा, सोबत यादृच्छिक आकड्यांच्या जनित्राची स्थितीही. ती विसरली तर मागे जाता येते, पण तीच वाट पुन्हा चालता येत नाही. माझ्याकडच्या जुन्या फाइलींत ती नाही, त्या निरुपयोगी आहेत.

याचा वापर सरळ आहे. एकाच नमुन्यातून अनेक वेळा पुढे चालवा. दरवेळी जे होते ते निवडीचे काम, दरवेळी वेगळे होते ते योगायोगाचे. 'सगळे योगायोगानेच झाले का' या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देण्यापेक्षा हे दोन आलेख शेजारी ठेवलेले बरे.

१८ मार्च

जे चालवता आले नाही ते. पृथ्वीच्या वयाचा आक्षेप. भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या हिशोबाने २ ते ४० कोटी वर्षे असा अंदाज दिला आणि पुढे तो आणखी आवळला. त्याची आकडेमोड चांगली होती, पृथ्वीच्या आतली परिस्थिती त्याने धरली तशी नव्हती. आज वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे मोजले जाते. पण ते भूगर्भशास्त्राचे काम, माझ्या हजार आभासी जीवांचे नव्हे. पहिला जीव कसा आला, हेही नाही. इथे जीव आधीच आहेत, वारसा आधीच चालतो.

नव्या जाती बनण्याचा भाग अर्धवट आहे. समूह दोन भागांत तोडला, अनेक पिढ्या वेगळा वाढवला, मग परत एकत्र आणला. एका समूहात आलेला अलील दुसऱ्या समूहातल्या दुसऱ्या अलीलाशी जुळत नाही, अशी अट घातली की संकर कमजोर निघतात. पण ती अट मी हाताने घातली, आणि मैत्रिणीचा आक्षेप इथेही लागू पडतो. जुळणे-न जुळणे आपोआप उपजेल असे काही सुचेपर्यंत हा भाग बाहेर ठेवला आहे.

काकांनी प्रोग्रॅम त्यांच्या संगणकावर टाकून मागितला. खटके कुठे आहेत ते दाखवले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती वारशाचे फंक्शन उघडून सरासरीवर आणले, ११० ला थांबलेली रेघ पाहिली आणि म्हणाले, "हा जेन्किन हुशार होता. आता तुझे वाटाणेवाले लाव."